उघाडीवरचा हरेश

धरमतर खाडीकाठच्या त्या गावात उघाडी सांभाळणं म्हणजे गावाचं भात सांभाळणं. उघाडी म्हणजे खाडीचं खारं पाणी अडवणाऱ्या खारबांधातलं दार. ओहोटीला उघडून शेतातलं पावसाचं पाणी सोडायचं आणि भरती चढायच्या आत लावून घ्यायचं. हे काम हरेशच्या घराण्याकडे पिढ्यान्‌पिढ्या. तुम्ही तिथी सांगा, तो भरतीची वेळ सांगणार. अशा हरेशने वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, नुकती लावणी झालेली असताना, ऐन भरतीत दार उघडं टाकलं. खारं पाणी आत शिरलं आणि सगळ्यात आधी गावपंच भिकूकाकांचं भात जळलं.

गावाने निकाल लावून टाकला, "प्यालेला असंल." आयुष्यात थेंबाला न शिवलेल्या माणसाबद्दल असं बोलताना कुणाची जीभ अडखळली नाही. गावबैठकीत भिकूकाकांनीच त्याला उघाडीवरून काढलं.

हरेशची बायको रोशनी पेटून उठली. नवऱ्याचं काहीतरी बिनसलंय हे तिला वर्षभर दिसत होतं. शर्ट उलटा घालायचा, मयताला जाऊन हसायचा, रोजच्या वाटेवर मध्येच थबकायचा. सासू धोंडुबाई म्हणाली, "बाहेरचं हाय गो, भगताकडं ने." पेणच्या एका डॉक्टरांनी 'या वयात कसला विसराळूपणा' म्हणत टेन्शनच्या गोळ्या दिल्या. गोळ्या संपल्या, गुण नाही. मग रोशनी हरेशला घेऊन थेट रोह्याला गेली, भाऊ प्रदीपकडे. त्याने त्यांना ओळखीच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

बाईंनी आधी रोशनीलाच विचारलं. कधीपासून? काय काय बदललं? डोक्याला मार लागला होता का? घरात आणखी कुणाला असं झालं होतं का? मग म्हणाल्या, "थायरॉइड, बी-ट्वेल्व्हची कमतरता, डोक्यात साकळलेलं रक्त, असं काही निघालं तर उपचाराने माणूस सुधारू शकतो. आधी हे सगळं तपासू."

त्या दिवसापासून रोशनी देवाकडे भलतंच मागू लागली. रिपोर्ट खराब येऊ दे. काहीतरी निघू दे! एकेक रिपोर्ट चांगला येत गेला आणि तिचं काळीज खचत गेलं. शेवटी मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात एमआरआय झाला, बोलण्या-आठवण्याच्या चाचण्या झाल्या. मेंदूचा पुढचा भाग आक्रसत चालला होता. डिमेन्शिया. म्हातारपणीच होतो असं नाही, आणि हा बरा होणारा नव्हता.

परतीच्या एसटीत ती मनसोक्त रडली. गावाजवळचं वडखळ आलं तसं तिने तोंड पुसलं.

सुगीच्या तोंडावर पुन्हा बैठक बसली. बायका तिथे बोलत नसत. रोशनी हरेशचा हात धरून मधोमध उभी राहिली. "ह्ये प्यालेले नव्हते. ह्यांना मेंदूचा आजार हाय. तुम्ही बेवडा म्हणालात, ते आज हितंच मागं घ्या. आनि उघाडी मी सांभाळनार. भरतीचं गणित ह्यांनीच मला शिकवलंय."

मग भिकूकाका उठले, हरेशसमोर आले आणि हात जोडले. "चुकलो रं, हरेश."

हरेश मोकळेपणी हसला. "काका, औंदा भात कसं हाय तुमचं?"

भिकूकाकांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"चांगलं हाय," ते म्हणाले. "लय चांगलं हाय."