गल्लीतल्या लोकांचं मत

शैला गेल्याचं मला तिच्या घरच्यांनी कळवलं नाही. सर्वेक्षणाचं काम एकत्र केलेल्या आम्हा बायकांचा मोबाइलवर एक ग्रुप आहे. त्यावर सुप्रभातच्या फुलांमध्येच कुणीतरी तिचा फोटो टाकला होता, खाली जोडलेले हात. मी मेथी निवडत होते, ती निवडून संपवली. रडू आलं नाही. आलं ते नंतर, आणि त्यात दुःखापेक्षा संताप जास्त होता, हे आता काही आठवड्यांनी लिहायला हरकत नाही. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात... पण मग मागं राहिलेल्यानं आपलं गाऱ्हाणं सांगायचं कुणाला?

तिची-माझी गाठ पडली ती पुण्याच्या एका संस्थेच्या कामामुळं. लोकांना काय वाटतं हे घरोघर जाऊन विचारायचं. मुलीला जमिनीत वाटा द्यावा का, विधवेनं पुन्हा लग्न करावं का, दुसऱ्या जातीची सून चालेल का. मी आमच्या शहराच्या पूर्व भागातल्या तेलुगू विणकर घरातली, कामाला नवी, घाबरट. शैला आमच्याच शहरातल्या शुक्रवार पेठेतली मराठी, या कामात मुरलेली. सुरुवातीला एकदा मी खुशीत तिला म्हटलं, "आपले लोक किती सुधारलेत गं. सगळे चालेल म्हणतात." तिनं मला वेड्यात काढलं. "दारात उभ्या राहिलेल्या परक्या बाईला नाही कोण म्हणेल? त्यांना विचार, गल्लीतल्या लोकांना चालेल का. पोटातलं ओठावर येतंच, फक्त शेजाऱ्याच्या ओठावर येतं." मोहोळकडच्या एका वस्तीवर एक म्हातारबा म्हणाले, "आमचं काय न्हाय बाई. पोरगं राजी तर आमी राजी. पन भावकी ऐकनार न्हाय." शैलानं साळसूदपणे विचारलं, "भावकीत शब्द कुणाचा चालतो, बाबा?" "माजाच की. थोरला हाय मी." परतीच्या एसटीत आम्ही डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसलो. तिचं हसणं इतकं मोठं की कंडक्टर वळून बघायचा. बाभळीखाली बसून एका फडक्यातली कडक भाकरी आणि शेंगाचटणी आम्ही वर्षानुवर्षं खाल्ली. सख्ख्या बहिणीवर टाकला नसेल एवढा विश्वास मी त्या बाईवर टाकला.

तिचा प्रसाद आणि माझी स्वप्ना एकमेकांना पसंत आहेत हे कळलं, तेव्हा मला धाकधूक होती ती माझ्याच घरच्यांची. नवऱ्याला समजावलं, सासूबाईंशी दोन हात केले, सगळ्यांचा होकार घेतला आणि पेढे घेऊन शैलाकडं गेले. तिनं पुडा उघडलाच नाही. पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, "मला काही नाही गं अरुणा. तू मला ओळखतेस. पण आमच्या गल्लीतले लोक..." क्षणभर मला कळलंच नाही. मग कानशिलात बसावी तसं कळलं. लोकां सांगे ब्रह्मज्ञान! तिनं सरळ "तुझी पोरगी मला नको" म्हटलं असतं तर मी भांडले असते, रडले असते आणि कधीतरी पुन्हा तिच्याकडं चहाला गेलेही असते. पण खोटं कसं ओळखायचं हे जिनं मला शिकवलं, तिनं मला तेच खोटं तोंडावर ऐकवलं, आणि वर मी ते गिळीन असं धरून चालली. प्रसादनं आईपुढं मान तुकवली. स्वप्नानं पुण्याला नोकरी धरली, अजून लग्नाचं नाव काढू देत नाही. शैला काही वर्षांनी आजारी पडली, मी दोनदा भेटून आले. एकदा तरी म्हणेल, "मलाच नको होतं गं"... नाही म्हणाली. स्वप्ना कशी आहे एवढं विचारायची आणि भिंतीकडं तोंड करायची.

तेराव्यानंतर मी तिच्या घरी गेले. प्रसाद बाहेर गेला होता. शेजारच्या काकू चहा घेऊन आल्या आणि समोर टेकल्या. "लई जीव होता तुमच्यावर शैलाताईंचा," त्या म्हणाल्या. "तुमची पोरगीबी गुनाची. आमी गल्लीतल्या बाया त्यांना म्हनायचो, आना की घरात, हितं कोन काय म्हनतंय? तर म्हनायच्या, माझं काय न्हाय हो, पन अरुणाच्या लोकांना मराठी जावई चालायचा न्हाय."

माझ्यापुढं तिनं गल्लीला उभं केलं होतं, आणि गल्लीपुढं मला. एवढी वर्षं या बायका मलाच मोडता घालणारी समजत होत्या. हातातली बशी मी खाली ठेवली. भिंतीवरच्या तिच्या फोटोला हार घातला होता. तिच्याशी भांडायची सोयही तिनं ठेवली नाही.

"खोटं आहे ते, काकू," मी म्हणाले. "मला चालत होतं. पेढे घेऊन आले होते मी या घरात."

काकूंनी समजुतीनं मान हलवली. लोकांच्या दारात उभं राहून मी हलवत आले, अगदी तशीच.

"तुमाला चालत होतं, व्हय," त्या म्हणाल्या. "पन तुमच्या लोकांना?"