डोक्याखालची उशी

सुलभा मिरजेची. तिथल्या इस्पितळात सोळा वर्षं नर्स. २००७ साली न्यूझीलंडमध्ये ऑकलंडला आली आणि तिथल्या सँडरिंगहॅम भागात आमच्या मागच्या खोलीत भाड्याने राहू लागली. इथे नर्स म्हणून नाव नोंदवण्याआधी तिला अवोन्डेलच्या एका वृद्धाश्रमात सहा आठवडे काम करून दाखवायचं होतं. १७ ऑगस्टला तिथली पर्यवेक्षिका निकाल लिहिणार होती. व्हिसा ३१ तारखेपर्यंत. नवरा शिरीष आणि लेक सिद्धी मिरजेत सामान बांधून बसलेली.

मंगळवारी, १४ तारखेला, ती बूटही न काढता स्वयंपाकघरात येऊन बसली.

"काकू, माझ्या हातून घोळ झाला."

एका माओरी आजोबांचे पाय सुजले होते. जादा उशी मिळेना, म्हणून तिने त्यांच्या डोक्याखालच्या दोन उशांतली एक काढून पायांखाली दिली आणि तासाभराने परत डोक्याखाली सरकवली. माओरी, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांत डोकं पवित्र. पायांना लागलेली वस्तू डोक्याला लावत नाहीत. हे पहिल्याच आठवड्यात शिकवलेलं, तिच्या वहीत लाल शाईने लिहिलेलं. आजोबांची मुलगी दारातून बघत होती. तिने ती उशी उचलली आणि सरळ बाहेर नेली.

"ओरडली असती तर बरं झालं असतं हो."

"तक्रार केली का तिने?"

"काय माहीत!"

"मग तीन दिवस गप्प राहा," मी म्हणाले. लहानपणी नन्सच्या शाळेत चूक कबूल करायला शिकूनही मला हेच सुचलं. माझ्या रोजनिशीत त्या दिवशीच्या पानावर तसं लिहून ठेवलं आहे.

"पोथीला पाय लागला तर आपण काय करतो, काकू?"

"नमस्कार."

"लगेच ना? मी हातमोजे काढून चहाला गेले."

तेवढ्यात शिरीषचा फोन आला. तिकिटं काढू का, विचारत होता. "शुक्रवारनंतर," ती म्हणाली. आवाज असा का, त्याने विचारलं. "सर्दी झालीय."

दुसऱ्या दिवशी ती गेली तेव्हा आजोबांच्या खाटेशी मुलगीही होती आणि पर्यवेक्षिकाही. पर्यवेक्षिका जाईपर्यंत थांबता आलं असतं. "थांबले असते तर पाय मागेच वळले असते," सुलभा नंतर म्हणाली. तिने दोघींसमोर चूक सांगितली.

मुलगी म्हणाली, "मला काय सांगतेस? त्यांना सांग."

आजोबांना ऐकू कमी. सुलभाला तीनदा मोठ्याने सांगावं लागलं. सगळ्या आश्रमाने ऐकलं.  आजोबा म्हणाले, "बरं. आज नीट कर."

शुक्रवारी पर्यवेक्षिकेने पास लिहिलं नाही, नापासही नाही. आणखी दोन आठवडे बघणार. म्हणजे निकाल ३१लाच, व्हिसाच्या शेवटच्या दिवशी.

शनिवारी तिने उशांचे अभ्रे शिवायला माझी जुनी हिरवी सुती साडी मागितली. आश्रमाला विचारून आली होती. हिरव्या अभ्र्यांच्या उशा फक्त पायांसाठी. मशीनवर चौथा अभ्रा चालू असताना सिद्धीचा फोन आला. रिसीव्हर मीच तिच्या कानाशी धरला.

"आई, आम्ही कधी यायचं?"

"शिवते आहे गं, निकाल एकतीसला. बाबांना म्हणावं, तिकिटं अजून काढू नका," सुलभा म्हणाली. शिवण वाकडी गेली होती. तिने ती उसवायला घेतली.