काळ्या सशांचं पांढरं पिल्लू

गोष्टी मुद्दाम साठवाव्या लागत नाहीत, आपोआप साठतात. जिथं माणसांना राहायचं नसतं आणि निघूनही जाता येत नाही, तिथं तर जरा जास्तच. जळगावच्या आमच्या कॉलेजातला जीवशास्त्र विभाग तसा होता. परवा मैत्रिणी जमल्या होत्या. एकीनं नातवासाठी ससा आणल्याचं सांगितलं, आणि माझं जे सुरू झालं ते चहा दोनदा गरम केला तरी थांबेना. तेच सांगते.

विभाग म्हणजे आम्ही तिघं. सोमण सर विभागप्रमुख, मूळचे पुण्याचे. त्यांना जळगावात करमत नसे. दर महिन्याला पुण्याला कुठं ना कुठं अर्ज करायचे. खुर्चीवर बसलेलं मी त्यांना क्वचितच पाहिलं. शिकवतानाही या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत फेऱ्या, पहिल्या बाकावरच्या मुलांच्या माना दुखायच्या. मी डेमॉन्स्ट्रेटर, धुळ्याची, मावशीकडे राहणारी. घरी माझ्या लग्नाची घाई चाललेली. आणि भिका नाना, आमचे शिपाई. ते दोंडाईच्याकडचे. नोकरी जळगावात, जीव गावाकडे. आमच्यात कुणाचाच पाय ठरत नव्हता.

*

अनुवंश शिकवायला सरांनी आधी वाटाणे लावले होते. मार्चचा वारा सुटला आणि सगळे वेल करपले. सर म्हणाले, "इथं कपाशी आणि केळी सोडून काही टिकत नाही. माणूससुद्धा." आणि मुलाखतीला म्हणून पुण्याला निघून गेले.

नोकरी मिळाली नाही. पण नुकतंच स्वातंत्र्य मिळालं होतं, इंग्रज गाशा गुंडाळत होते, आणि कॅम्पातला एक साहेब आपले हौसेचे ससे देऊन टाकत होता. सर ते घेऊन आले. काळे, पांढरे, एक पांढरा पण नाक, कान आणि पाय काळे असलेला. वेताच्या करंड्या बाकाखाली सरकवून थर्ड क्लासनं.

मनमाडच्या पुढं तिकीट तपासनीस आला. करंड्यांत काय आहे, असं त्यानं विचारलं. सर अवघडले आणि म्हणाले, "प्रयोगशाळा आहे."

तो शांतपणे म्हणाला, "तुमची प्रयोगशाळा माझं पावतीपुस्तक खातेय."

*

काळ्या नाकाचा तो ससा सगळ्यांचा लाडका झाला. त्याच्या जातीला हिमालयन म्हणतात. रावेरचे एक केळीबागायतदार आमच्या संस्थेच्या मंडळावर होते, त्यांना सगळे आबा म्हणत. आबा मीटिंगला आले की आधी सशाच्या पिंजऱ्याशी जायचे, मग मीटिंगला.

पुढच्या उन्हाळ्यात आबा आले आणि थबकले. सशाचं नाक पांढरट, कान पांढरट. काळा रंग जवळजवळ गेलेला.

सर उत्साहानं समजावू लागले. या जातीचं रक्तच असं, की अंगाचा जो भाग गार राहतो तिथंच काळे केस येतात. नाक, कान, पाय गार असतात म्हणून काळे. इथल्या उन्हाळ्यात गार असं काही उरलंच नाही, म्हणून नवे केस पांढरे आले. थंडीत परत काळे येतील. आबांनी सगळं ऐकून घेतलं आणि निघताना मला बाजूला घेऊन विचारलं, की आधीचा ससा मेला का, खरं सांग.

सरांना ते फार लागलं. मे संपेना, पाऊस संपेना, त्यांना थंडीची घाई. रोज पिंजऱ्यापाशी जाऊन नाक बघायचे. डिसेंबर आला, केस झडून नवे आले, आणि ससा पूर्वीसारखा काळ्या नाकाचा झाला. सरांनी आबांना मुद्दाम बोलावून घेतलं.

आबांनी ससा उचलला, उलटसुलट करून पाहिला, आणि सरांच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "चला, मुकाट्यानं तसाच दुसरा आणला ना. मी काही कुणाला सांगत नाही."

*

दुसरी गोष्ट नानांची. ती घडली तेव्हा मात्र हसू येत नव्हतं.

दोन पांढरे ससे एका पिंजऱ्यात होते. नर लाल डोळ्यांचा, मादी निळ्या डोळ्यांची. एका सकाळी नाना धावत आले. मादी व्याली होती, आणि आठवडाभरात पिलांच्या अंगावर लव दिसू लागली ती सगळी काळी.

सर नेमके पुण्याला गेलेले. प्राचार्यांनी पिलं पाहिली आणि नानांना बोलावलं. त्यांच्या मते सरळ होतं: पिंजऱ्याची कडी नीट लागली नव्हती, काळा नर आत शिरला, सरांच्या इतक्या दिवसांच्या कामावर पाणी पडलं. नाना म्हणाले, कडी मी स्वतः लावतो. कानबाई देवीची शपथ घेतली. प्राचार्य म्हणाले, शपथेनं पिलं पांढरी होणार नाहीत, आणि नानांच्या जागी दुसरा माणूस बघायला सांगितलं.

नानांनी जेवण टाकलं. दिवसभर कडी लावून बघायचे, काढून बघायचे. मी समजूत घालायचे, पण मलाही उलगडा होत नव्हता. दोन पांढऱ्यांना काळं होतंच कसं?

सर आले, पिलं पाहिली आणि तिथंच टाळ्या पिटू लागले. "झालं! मी म्हणत होतो ना, होईल!" ते कुणालाच काही म्हणाले नव्हते. जोडी त्यांनी मुद्दाम लावली होती. प्राचार्यांपुढं त्यांनी सांगितलं: कंदिलात तेल नसलं तर तो पेटत नाही, वात नसली तरी पेटत नाही. हे दोन्ही पांढरे म्हणजे न पेटलेले कंदील. पण नराकडं वात आहे, तेल नाही. मादीकडं तेल आहे, वात नाही. पिलांना एकाकडून वात मिळाली, दुसऱ्याकडून तेल. रंग पेटला.

प्राचार्य ओशाळले. नाना म्हणाले, "साहेब, हे आधी सांगीसन जाता, तर कानबाईले मधमा आणनं पडतं नही."

सरांनी त्यांची माफी मागितली. त्यानंतर कुठंही जाताना सर नानांना सांगून जायचे. कधी कधी फक्त पोस्टात जात असले तरी.

*

माझं एक स्थळ या सशांनी घालवलं, तेही सांगून टाकते.

धुळ्यालाच बघण्याचा कार्यक्रम होता. मुलगा वकिली शिकलेला, गोरा, घाऱ्या डोळ्यांचा. त्याच्या आईनं मला चालून दाखवायला सांगितलं, केस बघितले, हात उजेडात धरून रंग बघितला. मग विचारलं की आईकडचे सगळे सावळेच का. मी आधीच वैतागलेली. तोंडातून निघून गेलं, "तुमच्याकडे घारे डोळे कुणाचे? तुमचे आणि यांच्या वडिलांचे तर काळे दिसतात."

मला म्हणायचं होतं एवढंच, की ते आजोबांकडून लपून आले असतील. पण ते सांगायला कुणी थांबलंच नाही. पोह्यांच्या बशा तशाच राहिल्या.

सरांना सांगितलं तर ते म्हणाले, "प्रश्न बरोबर होता. उत्तराआधी उठले, हे चुकलं."

*

आता शेवटची. ही मी फारशी सांगत नाही.

नानांच्या गावात हिलाल नावाचा एक तरुण होता, कपाशीच्या जिनिंगमध्ये कामाला. घरात तो आणि त्याची आई, वडील लहानपणीच गेलेले. लग्न झालं, बायको पहिल्या बाळंतपणाला माहेरी अमळनेरला गेली, आणि तिला मुलगा झाला. पांढराशुभ्र. केस पांढरे, पापण्या पांढऱ्या. हिलाल सावळा, बायको त्याहून सावळी.

गावात बोलणी सुरू झाली. रेल्वेच्या कामावर पूर्वी एक गोरा साहेब होता, त्याचं नाव निघालं. तो तर लग्नाआधीच देश सोडून गेला होता, पण बोलणाऱ्यांना त्याचं काय. हिलालच्या आईनं सांगून टाकलं, सून या उंबऱ्यात येणार नाही. ती नातवाला बघायलाही गेली नाही. हिलाल एकदा जाऊन बघून आला, आणि तेव्हापासून त्याला धड इकडचं होता येईना, धड तिकडचं.

नाना गावी गेले तेव्हा त्यांनी त्याला सांगितलं, की आमच्याकडं काळ्या जोडीला पांढरं पिल्लू झालंय. कडी मीच लावली होती.

बाजाराचं निमित्त करून हिलाल आईला घेऊन जळगावला आला. साठीची बाई, काटक, डोक्यावरचा पदर घट्ट धरलेला. कॉलेजच्या व्हरांड्यात आल्यावर तिला कळलं, की हे काही बाजाराचं काम नाही. ती वळून निघालीच होती, पण नानांनी करंडी आणून समोर ठेवली. सकाळचं ऊन थेट करंडीत पडलं होतं.

आत काळी मादी, काळा नर, चार काळी पिलं आणि एक पांढरं.

सर त्या दिवशी फेऱ्या मारत नव्हते. ते तिच्यासमोर फरशीवर मांडी घालून बसले. म्हणाले, "आक्का, ही दोघं कधी वेगळी झाली नाहीत. तिसरं कुणी यांच्यात आलं नाही. कधी कधी पांढरा रंग पिढ्यान्‌पिढ्या लपून राहतो. आईकडूनही आला आणि बापाकडूनही आला, तरच दिसतो. एकट्या आईकडून येऊन भागत नाही."

ती करंडीपाशी टेकली आणि पिलाकडं बघत राहिली. मग म्हणाली, "म्हनजे मना आंडोरकडथीन बी?"

"हो. तुमच्या मुलाकडूनही."

"आनि त्याले कोठून?"

सर जरा अडखळले. म्हणाले, त्याला त्याच्या आईकडून किंवा वडिलांकडून. कदाचित दोघांकडून.

हिलाल जमिनीकडं बघत होता. आतल्या पिंजऱ्यांतून ससे पाय आपटत होते, तेवढाच आवाज. मला वाटलं, ही आता उठेल आणि आम्हाला शिव्या देऊन जाईल.

तिनं करंडीत हात घातला आणि पांढरं पिल्लू उचललं. ते डोळे मिटून अंग चोरून होतं. तिनं त्याला मांडीवर घेतलं, पदर ओढून त्याच्यावर सावली केली, आणि कुणाकडंही न बघता म्हणाली, "याले उनमा नका ठेवू. अशा लेकरेसना डोया उनमा उघडतस नहीत."

हिलालनं चमकून वर पाहिलं. "माय, तुले कसं माहीत? तू तर त्याले देखंच नही."

ती पिलाच्या पाठीवरून बोट फिरवत राहिली. पिलानं हळूच डोळे उघडले. मग तिनं ते नानांच्या हातात दिलं, उठली, आणि व्हरांड्याच्या पायऱ्या उतरू लागली. हिलाल मागोमाग धावला. बाजाराची पिशवी इथंच राहिली म्हणून मी हाक मारली, तरी ती थांबली नाही.

फाटकापाशी मात्र ती वळली आणि मुलाला म्हणाली,

"हिलाल, तिकिट दोंडाईचानं काढू नको. अमळनेरले उतरनं शे."