वडिलांच्या खड्यासाठी दोन लेसर

वडिलांच्या मूत्रनलिकेत खडा अडकला तेव्हा मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. आमच्या घरातले सगळे पुरुष बनारसच्या रामघाटावरच्या वेदपाठशाळेत शिकलेले. कॉलेजात गेलेला मी पहिलाच, म्हणून डॉक्टरांशी बोलायचं काम माझ्याकडे आलं. ते मला जमत होतं असं नाही.

डॉक्टरांनी एक्स-रे उजेडासमोर धरला. खडा खाली, मूत्राशयाजवळ होता आणि त्यामुळे वरची किडनी फुगत चालली होती. फार थांबलात तर ती निकामी होईल, असं ते म्हणाले. दुर्बीण घालून लेसरनं खडा फोडता येईल, पण बनारसमध्ये नाही. लखनौला एक लेसर होता, दिल्लीला दुसरा.

लखनौचा रंगद्रव्याचा, म्हणजे डाय लेसर. त्याच्या हिरव्या प्रकाशाचे ठोके बसून खडा तडकतो, नळीच्या भिंतीला सहसा काही होत नाही. पण फार कठीण खड्यापुढे तो हरतो. दिल्लीचा होल्मियम नावाच्या धातूचा, तेव्हा नवाच. तो उष्णतेनं कुठल्याही जातीचा खडा झिजवतो. मात्र टोक भिंतीला लागलं तर ती भाजते.

"पिछला पत्थर कहाँ है?" डॉक्टरांनी विचारलं. मागे एकदा वडिलांचा एक खडा आपोआप पडला होता. तो तपासता आला असता तर खड्याची जात कळली असती, मऊ की कठीण.

वडील माझ्याकडे वळून म्हणाले, "सांग त्यांना, गंगाजीत सोडला. शरीरातून निघालेली वस्तू घरात ठेवतात का?"

"मी म्हटलं होतं, डबीत राहू द्या," आई म्हणाली.

"तू म्हणाली होतीस, आधी इथून उचला!"

डॉक्टर हसले नाहीत. जात माहीत नसेल तर तुम्हीच ठरवा, म्हणाले.

घरी आल्यावर मी दोन्ही बाजू सांगितल्या. वडिलांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"मग?"

"दोन्हींत काही ना काही चांगलं आहे."

"यजमान मुहूर्त विचारायला आला आणि मी दोन्ही बरे म्हटलं, तर तो उठून शेजारच्या पंडिताकडे जाईल. एक सांग."

मी दिल्ली म्हटलं. न फुटलेला खडा घेऊन परत यायची पाळी मला नको होती. आणि भाजण्याचा धोका डॉक्टरांच्या हातावर अवलंबून होता. खड्याच्या जातीवर नव्हता, जी आम्हाला ठाऊकच नव्हती.

"दिल्लीत आपलं कोण आहे?" आईनं विचारलं.

कोणीच नव्हतं. तरी आम्ही गेलो.

खडा फुटला. नळीला इजा झाली नाही. तुकडे तपासायला गेले आणि खडा मऊ जातीचा निघाला. तिथले डॉक्टर सहज म्हणाले, हा तर रंगाच्या लेसरनंही फुटला असता.

बाहेरच्या बाकावर वडिलांनी विचारलं, "म्हणजे लखनौ चाललं असतं?"

"हो. पण तेव्हा आपल्याला ते माहीत नव्हतं. पुन्हा विचारलंत तरी मी दिल्लीच म्हणेन."

त्यांनी पायात चपला सरकवल्या.

"किडनीची सूज उतरली ना?"

"उतरतेय."

"मग चल. गाडीची वेळ झाली."