घाम न येणारं मशीन

ताईच्या लग्नाआधी पडवीचे दरवाजे करायला कट्टा गावाहून एक सुतार यायचा. त्याचं नाव विचारायचं राहूनच गेलं. आम्ही सगळे त्याला मेस्त्री म्हणायचो. त्याच्याकडे विजेवरचा रंधा होता, तेव्हा आमच्या गावात नवलाचा. काम सुरू करण्याआधी तो शेजारी एक उघडा बल्ब पेटवून ठेवायचा. बल्ब मंद झाला की व्होल्टेज उतरलं हे ओळखून लगेच रंधा बंद. एरवीही तो मध्येच थांबायचा आणि तापलेल्या पोराचं कपाळ बघावं तसा पालथा हात मोटरवर ठेवायचा. मग सायकलच्या पंपाने जाळीतला भुसा उडवायचा आणि निवांत पान लावत बसायचा.

लग्न तोंडावर आलं आणि दरवाजे अजून अर्धवटच. शेवटी आई कावली. "मेस्त्री, तुमचा मशीन चलता कमी नि बसता जास्त."

"वयनी, माका घाम येता तो दिसता. ह्येका घाम येणा नाय, म्हणान हात लावन बघूक व्हया. मोटर जळली तर दरवाजे लग्नाक होवचे नाय."

आई पहाटेपासून चुलीपुढे होती. तिचा चेहरा लालबुंद झाला होता. मेस्त्रीने तिच्याकडे पाहिलं, एका फळीवरचा भुसा झटकला आणि फळी पुढे सरकवली.

"मशीन थंड होयसर तुमीय वायच बसा."

आई पुटपुटत बसली.

दरवाजे वेळेत लागले. तोवर रोज रंध्याचा आवाज थांबला, की आई हात पुसत आपणहून बाहेर येऊन त्या फळीवर बसायची.