गाडी दत्तूच्या बाजूनं आली

अठरा वर्षं इंजिनिअर रेजिमेंटमध्ये काढून मी हवालदार म्हणून घरी आलो आणि माजी सैनिकांच्या जागेवर रेल्वेत लागलो. पोस्टिंग पळसदरी, रुळांची देखभाल करणारी गँग. गँगचा मेट, म्हणजे आमचा प्रमुख, दत्तू. माझ्याच गावचा, माझ्याच वयाचा. भरतीच्या मैदानात तो माझ्या पुढे पळाला होता. तळपाय सपाट निघाले म्हणून तो परतला, मी गेलो.

आता तो हुकूम देई, मी खडी ओढी. त्याचं काही नव्हतं. हुकुमाची सवय होती. सलत होतं ते वेगळंच. मी सरहद्दीवर असताना माझ्या आईचं आजारपण, घराची कौलं, भाताची लावणी, सगळं त्यानं पाहिलं. मी परतल्यावरही पंप बिघडला की आई म्हणायची, "दत्तूला हाक मार रं." मी समोर उभा असायचो.

मे महिन्यातली दुपार. खोपोली लाइनवर आम्ही दोघं पाहणीला होतो. एका वळणावर रूळ उन्हानं तापून वाकडा झालेला दिसला. फोनला रेंज नव्हती. लाइन एकेरी, गाडी दोन्हींपैकी कुठल्याही बाजूनं येऊ शकत होती.

"मी खोपोलीकडं पळतो," मी म्हणालो. तिकडे सावली नव्हती.

"नाय. तू पळसदरीकडं जा."

"पळायची सवय मला हाय, दत्तू."

"मेट मी हाय, फौजी. जा."

गेलो. चाकाखाली वाजून मोटरमनला इशारा देणारे धोक्याचे फटाके रुळावर बांधले, लाल झेंडी धरून उभा राहिलो. माझ्या बाजूनं काही आलं नाही. मागून फटाके वाजले, मग ब्रेक लागल्याचा लांब आवाज आला. मला आधी सुटल्यासारखं वाटलं नाही. वाटलं, गाडीसुद्धा ह्याच्याच बाजूनं यायची होती.

मी उलटा पळालो. गाडी वाकड्या रुळाच्या पलीकडेच थांबली होती. दत्तू खडीवर बसला होता. अंगाला घाम नाही, कातडी चटका बसावा अशी तापलेली. मोटरमन त्याच्या डोक्यावर पाणी ओतत होता.

"कुनाला लागलं का?" दत्तूनं विचारलं.

"नाय. समदी बरी हायत."

"तुझ्या बाजूनं?"

"काय नाय आलं."

त्यानं मान हलवली. पॅसेंजरांनीच त्याला रस्त्यापर्यंत उचलून नेलं. टेंपोतून कर्जतच्या दवाखान्यात पोचलो. संध्याकाळच्या आत तो गेला. उष्माघात.

दर वर्षी गावात मला झेंडावंदनाला बोलावतात. मी माझ्या गेलेल्या साथीदारांची नावं घेतो: नायक भोसले, सॅपर यादव, मेट दत्तात्रय. रेजिमेंटमधल्या त्या दोघांचा मला कधी हेवा वाटला नव्हता.