बरोबरची खूण

त्यांच्या आईवडिलांनी काही त्यांचं नाव 'पावनंबर' ठेवलं नव्हतं. ते गिऱ्हाइकांनी ठेवलं. चष्म्याच्या दुकानात कोणी म्हणालं, "थोडं इकडंतिकडं झालं तरी चालेल हो," की हे गृहस्थ हातातली काच खाली ठेवत आणि शांतपणे विचारत, "थोडं म्हणजे किती? पाव नंबर? पाव नंबर चुकला तर माणूस समोरून येणाऱ्या साडूला ओळखत नाही." त्यावर एकजण म्हणाला होता, "मग पाव नंबर चुकवूनच द्या!"

दुकानातल्या लोखंडी कपाटाच्या दाराला आतल्या बाजूनं एक काळा पुठ्ठा चिकटवलेला होता. त्यावर पावनंबरांनी खडूनं कामाचे नियम लिहून ठेवले होते. नियम बाहेर लावले की ते गिऱ्हाइकांना दाखवायला होतात, आत लावले की स्वतःला बघावे लागतात, असं त्यांचं म्हणणं. प्रत्येक नियमामागं त्यांची एकेक फजिती होती. 'आरशापुढं कोणी कितीही वेळ उभं राहिलं तरी हसायचं नाही' हा नियम एका हेडमास्तरांमुळं आला. हेडमास्तरांना ते हसू त्याच आरशात दिसलं होतं. 'दिसत नाही म्हणणारा माणूस खोटं बोलत नसतो' हा एका बसड्रायव्हरला तीन खेपा घालायला लावल्यावर. 'तयार चष्मा यंत्रावर लावून नंबर पुन्हा बघायचा, मगच कार्डावर बरोबरची खूण' हा सगळ्यांत जुना. आणि शेवटचा, 'चष्मा दिल्यावर आठव्या दिवशी फोन.'

"एवढे नियम तर रस्त्यावरच्या वाहतुकीलासुद्धा नाहीत," असं बायको म्हणायची. ती दुकानात फ्रेमा दाखवण्याचं काम बघायची, आणि तिचा स्वतःचा एकच नियम होता: गिऱ्हाईक रिकाम्या नाकानं परत जाता कामा नये.

तर आठव्या दिवसाचा फोन लावला होता रफूमावशींना. दोन गल्ल्या सोडून त्यांची खोली. चाळीस वर्षं त्या फाटकेतुटके कोट, शाली, स्वेटर असे रफू करत होत्या, की दुरुस्ती कुठं झाली ते कपड्याच्या मालकालाही सापडू नये.

"काय मावशी, चष्मा कसा आहे?"

"चष्मा छान आहे रे. डोळेच गेले."

"म्हणजे?"

"म्हणजे गेले. सुईत दोरा जाईना. डोकं ठणकतं. तुझ्या हातून नंबर चुकायचा नाही हे सगळ्या गावाला ठाऊक आहे, तेव्हा दोष माझाच. बरं झालं, फोन केलास. उद्या लेक न्यायला येतेय. सगळ्यांचे कोट परत दिले. आता तिच्याकडं बसून खायचं आणि नातवंडांना नको त्या वेळी हाका मारायच्या."

पावनंबरांनी फोन ठेवला आणि कपाटातून मावशींचं कार्ड काढलं. उजवा डोळा दोन, डावा सव्वाचार. जवळचा चष्मा. जुन्याच फ्रेममध्ये नव्या काचा. खाली बरोबरची खूण, ठसठशीत. खूण बघून त्यांना हायसं वाटलं. मग त्यांचं लक्ष तारखेकडं गेलं आणि ते हायसं वाटणं जागच्या जागी विरघळलं.

त्या दिवशी सासूबाई परत जाणार होत्या. साडेपाचची गाडी. सासूबाईंची गाडी चुकू नये म्हणून जावयानं इतकी धडपड केल्याचं त्या घराण्यात दुसरं उदाहरण नव्हतं. टेबलावर पाच चष्मे तयार होते, आणि पावनंबरांनी पाचही कार्डांवर एका दमात पाच खुणा मारल्या होत्या. यंत्र झाकलेलंच होतं.

"काचांची अदलाबदल झालीय," ते बायकोला म्हणाले. "उजवी डावीकडं. डोकं ठणकतं ते त्यानंच. नक्कीच."

"मग त्यात काय? चष्मा घेऊन या, काचा बदला, म्हणावं स्क्रू ढिला होता. त्यांचंही काम झालं, तुमचंही नाव राहिलं."

"अगं, पण त्या घर मोडून निघाल्यात."

"म्हणून तर म्हणते, लवकर जा. कबुलीजबाब कशाला द्यायचा? अहो, उद्या सगळीकडं होईल, पावनंबर सव्वादोन नंबरानं चुकले!"

हिशेब अगदी चोख होता. पावनंबरांना राग आला तो त्याचाच. बाकीच्या चार गिऱ्हाइकांना चष्मे घेऊन बोलवायला तिला सांगून त्यांनी कार्ड खिशात घातलं आणि ते निघाले.

दोन गल्ल्यांचं अंतर त्या दिवशी संपता संपेना. स्क्रू ढिला होता. काय वाईट आहे या वाक्यात? कोणाचं नुकसान नाही. पण नुसत्या स्क्रूनं एवढं होत नाही हे मावशींना कळतं. मग त्यांना वाटत राहणार, की डोळे एकदा गेले होते आणि दैवानं परत आले. पुढच्या वेळी साधा दोरा तुटला तरी त्या घाबरणार. चूक कोणाची हे कळल्याशिवाय भीती काही जायची नाही.

खोलीत पोचले तर शेजारचा शिंपी मावशींच्या टेबलाला टेप लावून बसलेला; ते आता त्याच्याकडं जाणार होतं. "दारातून तिरकं न्यावं लागेल," तो म्हणाला. "या पावनंबर, तुम्हीच समजवा मावशींना. मी म्हणतो, वय झालं की डोळे जायचेच. माझ्या सासऱ्यांचे तर कान पण गेले."

मावशी सुयांचा डबा मांडीवर घेऊन बसल्या होत्या. झाकण लावत होत्या, पुन्हा उघडत होत्या.

"तू कशाला धावत आलास? वाईट वाटून घेऊ नकोस. तुझा काय दोष?"

आता सुटकेचं दार सताड उघडं होतं. नुसतं 'जरा बघू' म्हणून चष्मा खिशात घालायचा आणि बाहेर पडायचं. पावनंबरांच्या तोंडात स्क्रू आलासुद्धा होता.

"मावशी," ते म्हणाले, "सुई घ्या हातात. दोरा घ्या. आणि मी काय करतो त्याला हसू नका."

त्यांनी मावशींच्या नाकावरचा चष्मा काढला, खालची बाजू वर केली आणि तसाच पुन्हा त्यांच्या डोळ्यांसमोर दोन्ही हातांनी धरला. उजवी काच डाव्या डोळ्यापुढं आली, डावी उजव्या. काड्यांची वाकडी टोकं मावशींच्या कानांमागून शिंगांसारखी वर आली. शिंप्याच्या हातातली टेप सुटून सुर्रकन गुंडाळली गेली.

मावशींनी दोऱ्याचं टोक ओलं केलं.

दोरा पहिल्या फटक्यात आत गेला.

मावशींनी दोरा ओढून काढला आणि पुन्हा ओवला. मग तिसऱ्यांदा. पावनंबरांचे हात भरून आले होते, पण त्यांनी चष्मा सोडला नाही.

"मी काचा उलटसुलट बसवल्या, मावशी. आणि यंत्र झाकलेलं असताना, न बघताच बरोबर म्हणून खूण केली. तुमच्या डोळ्यांना काही झालेलं नाही. चूक माझी आहे."

"तुझी?"

"माझी."

"नक्की तुझीच ना? मला बरं वाटावं म्हणून तर सांगत नाहीस?"

पावनंबरांनी एका हातानं चष्मा धरून ठेवत खिशातून कार्ड काढलं आणि घाईतली ती खूण दाखवली. मावशींनी ते उलट्या चष्म्यातूनच वाचलं आणि त्यांच्या डोळ्यांना धार लागली. मग त्या हसल्या, मग परत रडल्या, आणि दोन्हीच्या मध्ये कुठं तरी शिंप्याला म्हणाल्या, "ऊठ रे. टेबल कुठं जात नाही."

"मी तिरकं न्यायचा विचार केला होता..." शिंपी पुटपुटला.

"सरळ घरी जा!"

पावनंबरांनी सोबत आणलेल्या छोट्या पेचकसानं तिथल्या तिथं काचा बदलल्या. मावशी त्यांच्याकडं बघत म्हणाल्या, "माझा जन्म गेला लोकांची भोकं दिसू नयेत म्हणून बुजवण्यात. आणि तू स्वतःचं भोक दाखवायला दोन गल्ल्या चालत आलास. वेडाच आहेस." हे त्या इतक्या मायेनं म्हणाल्या, की पावनंबर तरंगतच घरी परतले.

रागवायचं मावशींना दुसऱ्या दिवशी सुचलं. सकाळी त्या भर गर्दीत दुकानात आल्या. मागं लेक होती, रिकाम्या बॅगा घेऊन.

"आठ दिवस!" मावशी गरजल्या. "आठ दिवस तुझ्यामुळं मी म्हातारी झाले होते! अकरा कोट परत दिले मी, अकरा! आता दारोदार जाऊन मागून आणू का? आधी लाव तो चष्मा यंत्रावर. माझ्यासमोर!"

लावला. उजवा दोन, डावा सव्वाचार. मावशी गेल्या त्या कोट गोळा करायला. बॅगा त्या कामी आल्या.

"केवढं बोलल्या हो," बायको म्हणाली. "आणि तुम्ही हसताय?"

"अगं, कालपासून वाट बघत होतो. एवढी मोठी चूक करून कोणी नुसतं वेडा म्हणून सोडलं, तर माणसाला झोप कशी लागायची?"

बायकोनं आपणहून कपाट उघडलं आणि खडू त्यांच्या हातात दिला. पावनंबरांनी जुन्या नियमाखाली एक ओळ घातली: 'खूण डोळ्यांनी करायची, हातानं नाही.' थोडा विचार करून पुढं लिहिलं, 'सासूबाई जाणार असल्या तरी.'

"हे पुसा," बायको म्हणाली.

पुसलं.

आणि बरोबर आठव्या दिवशी दुकानातला फोन वाजला. पलीकडून रफूमावशी विचारत होत्या, "काय रे, यंत्र झाकलेलं नाही ना?"